गरजेपुरते चौदा किलोमीटर

छायाबाई पिसाळांनी सकाळी गाडीची वायर काढून खुंटीला गुंडाळली आणि त्या आत बसल्या. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'शुभ सकाळ. आज चौदा किलोमीटर. आपल्या गरजेला पुरेसे आहेत.'

"तुला लई कळतीय माझी गरज," छायाबाई रोजच्यासारख्या पुटपुटल्या आणि त्यांनी गाडी कराडच्या मंडईकडे वळवली.

गाडीत दम नव्हता असं नाही. बॅटरी पूर्ण भरली तर ती तीनशे किलोमीटर पळाली असती. पण ती कधी भरतच नसे. दारातला नवा मीटर दुतर्फा होता, म्हणजे वीज द्यायचा तशी परतही घ्यायचा. पहाटे तो गाडीत चौदा किलोमीटरपुरती वीज सोडायचा आणि संध्याकाळी सात वाजता, गावभर दिवे, पंखे आणि मिक्सर एकदम सुरू झाले की, उरलेली काढून घ्यायचा. छायाबाई दोनच किलोमीटर फिरून आल्या तरी उद्या पुन्हा चौदाच. शिलकीची सोय नव्हती.

बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेल्या छायाबाईंनी निवृत्तीनंतर हट्टानं गाडी शिकून घेतली होती. जन्मभर दुसऱ्यानं आखलेल्या मार्गावर फिरलो, आता वाटेल त्या फाट्याला वळायचं, एवढी साधी हौस होती. ती आता मंडई, बँक आणि मारुतीचं देऊळ एवढ्यात मावत होती.

आणि याला जबाबदार कोण म्हणाल, तर कागदोपत्री छायाबाईच.

दहा महिन्यांपूर्वी कृष्णाकाठ वीज संघानं गाडी असलेल्या घरांना तीन दरयोजनांपैकी एक निवडायला सांगितलं. पहिली खुली. हवी तेव्हा, हवी तेवढी वीज घ्या आणि दर ऐकून डोळे पांढरे करा. दुसरी वेळेची. भर उन्हात स्वस्त, दिवेलागणीला महाग. तिसरी गरजेची, आणि ती इतकी स्वस्त की तिच्यापुढं पहिल्या दोन निवडणारा माणूस वेडाच ठरावा. फक्त तिच्यात गाडीत किती वीज भरायची ते मालक ठरवत नसे. ते 'गरजमापक' ठरवी. ही संघाची गणकयंत्रणा तुमच्या मागच्या फेऱ्या तपासायची, तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं ऐकून घ्यायची आणि तुमच्या नावापुढं एक गरजरेषा ओढायची. त्या रेषेपर्यंत वीज तुमची, पुढची दुसऱ्याची.

कल्पना वाईट होती असं म्हणवत नाही. तिच्यामुळं भारनियमन गेलं, दवाखान्यांना कधी तुटवडा पडला नाही. गरजमापक वाढपी म्हणून अगदी न्यायी होता. फक्त आपल्याकडचं वाढणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे पंगतीतला माणूस 'पुरे, पुरे' म्हणत पानावर हात आडवा धरतो, तेव्हा चांगल्या वाढप्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची असते. गरजमापक 'पुरे' म्हटलं की खरंच थांबायचा.

योजना निवडायच्या रविवारी मुलगा रणजित आणि सून मृणाल मुद्दाम पुण्याहून आले होते. तिघांचे मीटर एकत्र जोडले की कुटुंबाला आणखी सवलत मिळणार होती. जेवणं झाल्यावर रणजितनं फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून गोड आवाज आला, "कृपया प्रत्येकानं आपली रोजची गरज सांगावी."

रणजितचा कारखाना दूर होता, त्यानं एकशे दहा सांगितले. मृणालनं साठ. मग आवाज म्हणाला, "छाया पिसाळ, आपली गरज?"

"मला मेलीला काय लागतंय?" छायाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या. "भाजी आणायची न् बँकेत जायचं. आधी पोरांचं बघा."

"नोंद झाली," आवाज म्हणाला. "आपल्या वाट्यातील अतिरिक्त वीज मुलांच्या गाड्यांकडे वळवली आहे. मुदत तीन वर्षं. धन्यवाद."

तेव्हा सगळे हसले होते. छायाबाईही हसल्या होत्या.

आज, दहा महिन्यांनी, मंडईतून परतताना फोन वाजला. हिवरटेकहून प्रणाली बोलत होती, मालन ऐवळेची भाची.

मालन म्हणजे छायाबाईंची मैत्रीण, आणि मैत्रीण म्हणजे कशी? दोघी कंडक्टर, एक विट्याकडून येणाऱ्या गाडीवर, दुसरी विट्याकडे जाणाऱ्या. एकवीस वर्षं रोज सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही बस एका वळणावर समोरासमोर यायच्या, ड्रायव्हर अर्धा मिनिट गाड्या थांबवायचे आणि दोघी खिडकीतून डबे बदलायच्या. छायाबाईंचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस मालननं रजा काढली होती. मालनला लेकरू नव्हतं, नवऱ्यानं टाकलेली, तिला माणूस म्हणून छायाबाईच. निवृत्तीनंतर मालन जतच्या पुढं आपल्या गावी गेली. कराडपासून एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर. तिकडची बस प्रवासी कमी म्हणून बंद झालेली.

"मावशी, आत्याचं विसरणं वाढलंय," प्रणाली म्हणाली. "काल मला म्हणाली, तू कोण गं पोरी? पण तुमचं नाव रोज घेते. छाया आली का म्हणून दारात जाऊन बसते."

"व्हिडिओवर दे की तिला."

"दिली होती ना गेल्या आठवड्यात. पडद्यावरचं माणूस तिला कळत नाही, घाबरते. समोर आलेलं अजून कळतं. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना. मग तेही जाईल."

छायाबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पडद्यावर 'उर्वरित नऊ किलोमीटर' दिसत होतं. त्यांना रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

भाड्याच्या गाडीचा विचार त्यांनी करून पाहिला. पण भाड्याच्या गाड्याही गरजेच्या योजनेत होत्या आणि शंभर किलोमीटरच्या पुढच्या फेरीला त्या प्रवाशाला कारण विचारत. वाटेतल्या चार्जिंगच्या खांबांपाशी थांबून उपयोग नव्हता. खांब आधी गाडीचा क्रमांक वाचायचा, गरजरेषा बघायचा आणि नम्रपणे नाही म्हणायचा.

छायाबाईंना एक गोष्ट माहीत होती. आगारात एखादी फेरी वाढवून घ्यायची तर गाडी भरून न्यावी लागते. म्हणजे आपण रोज चौदाच्या चौदा वापरले, तर गरजमापकाला वाटेल बाईंना कमी पडतंय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मैदानाभोवती चकरा मारायला सुरुवात केली. सकाळी सात किलोमीटर, संध्याकाळ व्हायच्या आत आणखी सात. फिरायला येणारे पेन्शनर बाकावरून मोजू लागले. "काकू, शर्यतीत उतरताय काय?" असं एकानं विचारलंसुद्धा.

आठव्या दिवशी पडद्यावर आकडा बदललेला दिसला. छायाबाईंनी चष्मा पुसून वाचलं.

'शुभ सकाळ. आज अकरा किलोमीटर. कोठेही न थांबता त्याच जागी परतणाऱ्या फेऱ्या गरजेत धरल्या जात नाहीत.'

त्या तशाच उठून वीज संघाच्या कार्यालयात गेल्या. खिडकीत एक तरुण मुलगी होती, आवाजानं शांत, वागायला चांगली.

"मावशी, लांबच्या फेरीचा अर्ज करता येतो की," ती म्हणाली. "कारण काय लिहू?"

"मैत्रिणीला भेटायचंय."

मुलीनं पडद्यावरची यादी खालीवर केली. "उपचार आहे. परीक्षा, लग्न, न्यायालयाचं काम, नातेवाइकाचा मृत्यू. मैत्रीण कुठं बसत नाही यात."

"ती आजारी हाय. मला विसरायला लागलीय."

"तिचे उपचार तिच्या नावावर येतात, मावशी. आजारी माणसाला भेटायला जायचं तर नातं लागतं. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, मुलं."

"मग योजनाच बदलून दे. खुली कर. जास्त पडू दे."

"तुम्ही कुटुंबात जोडलेल्या आहात. तुम्ही बाहेर पडलात तर मुलाची आणि सुनेची गरजरेषाही मोडते. दोघांना पुन्हा शून्यापासून वर्षभर वापर दाखवावा लागेल." मुलीचा चेहरा खरंच पडला होता. "मला मनापासून वाईट वाटतंय, पण माझ्या हातात फक्त ही यादी आहे."

संध्याकाळी छायाबाईंनी रणजितला फोन लावला. तो सगळं ऐकत राहिला.

"आई, मी नेलं असतं गं तुला माझ्या गाडीतनं," तो म्हणाला. "पण माझे एकशे दहा म्हणजे कारखाना आणि घर. त्यात दोन किलोमीटर इकडंतिकडं होत नाहीत. आणि रेषा मोडली तर वर्षभर कामावर कसा जाऊ? तूच सांग."

"मी कुठं म्हणतीय मोड म्हणून?"

"तूच म्हणालीस ना तेव्हा, मला काय लागतंय म्हणून?"

"म्हणाले होते," छायाबाई म्हणाल्या.

मुलाचा त्यांना राग आला नाही. तोही त्याच पिंजऱ्यात होता, फक्त त्याचा पिंजरा एकशे दहा किलोमीटरचा होता. राग आला तो स्वतःच्या त्या वाक्याचा. ते त्यांनी हजारदा म्हटलं होतं. त्यांच्या आईनंही म्हटलं होतं. ऐकणाऱ्यानं ते खरं मानायचं नसतं, हे घरातलं लहान पोरगंसुद्धा जाणतं. मालन तर असल्या बोलण्यावर चिडायची, 'गप, खा' म्हणायची आणि डब्यात दोन भाकरी जास्त घालायची.

तीन आठवडे असेच गेले. प्रणालीचा पुन्हा फोन आला. आता मालन दिवसातून एकदाच छायाचं नाव घेत होती, तेही दुपारी.

त्या सकाळी छायाबाईंनी चहा ओट्यावर तसाच ठेवला आणि फोनवर अर्ज उघडला. बत्तीस वर्षांत त्यांनी एक खोटं तिकीट फाडलं नव्हतं. तपासनीस त्यांची गाडी थांबवायचे ते केवळ पाणी प्यायला, असं आगारात बोललं जायचं. त्यांनी कारणांच्या यादीवर बोट फिरवलं आणि 'नातेवाइकाचा मृत्यू' यावर ठेवलं. नातं: बहीण. एवढं तर खोटं नव्हतंच, असं त्यांनी मनाला सांगितलं.

पुढं अर्जानं मृत व्यक्तीचं नाव, गाव आणि वीजजोडणीचा क्रमांक विचारला. जायचं ठिकाण आणि मृताचा पत्ता एकच असावा लागे, म्हणून दुसरं कुणाचं नाव घालायची सोय नव्हती. क्रमांक त्यांना पाठ होता, मालनचं बिल कित्येकदा त्यांनीच भरलं होतं. त्यांनी सगळं अचूक भरलं. खोटं लिहितानासुद्धा रकाना चुकता कामा नये, ही कंडक्टरची खोड.

'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत,' पडद्यावर आलं. 'तीनशे किलोमीटर मंजूर.'

दारातल्या मीटरमधून घरघर आवाज सुरू झाला. छायाबाईंनी न्हाऊन घेतलं, मालनला आवडते तशी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली.

सव्वादहाला त्या निघाल्या. विट्याच्या आधीचं ते वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी हळू केली आणि मग जोरात हाणली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच गाडीचा वेग अंगाला जाणवत होता. तासगाव गेलं, कवठे महांकाळ गेलं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव संपून माळ लागला. मे महिन्याचं ऊन होतं. छायाबाईंनी काचा खाली केल्या आणि मोठ्यांदा गाणं म्हटलं, आवाज फाटेपर्यंत. इतका आनंद त्यांना नवरा गेल्यापासून झाला नव्हता.

हिवरटेकला पोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. दारात मालन बसली होती, पाठीशी भिंत, कपाळावर घामाच्या धारा. प्रणाली अंगणात फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती.

मालननं डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिली.

"छाये," मालन म्हणाली. "उशीर केलास गं."

छायाबाई उंबऱ्यापाशीच खाली बसल्या आणि त्यांनी मालनचे दोन्ही हात धरले. मालननंच त्यांच्या डोळ्यांवरून पदर फिरवला.

"मावशी, आत चला, पण आत पंखा नाही," प्रणाली जवळ आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "सकाळी साडेनवाला वीज गेली. मला वाटलं आपलीच गेली सगळ्यांची, तर शेजारी आहे. पाण्याची मोटर बंद. कार्यालयात विचारलं तर म्हणतात, ही जोडणी मयताच्या नावानं थांबवलीय. कोण मेलं? आत्या म्हणे! जिवंत बाई दारात बसलीय, न् हे मला वारसाचे कागद मागतात."

छायाबाईंनी मालनचे हात सोडले. एका क्षणात त्यांना सगळं कळलं. गरजमापक न्यायी होता. मेलेल्याला गरज नसते. छायाबाईंच्या तीनशे किलोमीटरची वीज त्यानं मालनच्या घरातून काढली होती.

"आज नुसती वीज गेलीय," प्रणाली बोलतच होती. "ते म्हणाले उद्यापर्यंत नोंद पेन्शनला जाईल, परवा दवाखान्याला. मग औषध बंद. दुरुस्तीला माणूस प्रत्यक्ष यायला अकरा दिवस. ज्यानं नोंद केली त्यानंच मागं घेतली तर लगेच होतं म्हणे. कुणी केली असंल मावशी हे?"

"मी केली," छायाबाई म्हणाल्या.

प्रणाली बघतच राहिली. छायाबाईंनी तिला अर्जाची सगळी हकिगत सांगितली, यादीसकट. रागवावं की मिठी मारावी, हे तिला ठरवता येत नव्हतं.

छायाबाईंनी फोन काढला आणि नोंद उघडली. 'मागे घ्या' असं बटण होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. त्यांनी फोन लांब धरून शब्दन् शब्द वाचला, कारण वाचल्याशिवाय सही करायची नाही हीसुद्धा जुनी सवय होती. खोटी नोंद करणाऱ्याला परतीपुरती वीज मिळेल. त्यानंतर मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी पंचवीस महिने, रोज पाच किलोमीटर. लांबच्या फेरीचा अर्ज स्वीकारला जाणार नाही, कारण काहीही असो.

"मावशी, थांबा," प्रणाली खांद्यावरून वाचत होती. "अकरा दिवस आम्ही काढू कसेतरी. मी पाणी भरून आणीन."

"न् तिचं औषध?"

प्रणाली मागं सरली.

छायाबाईंनी बटण दाबलं. यंत्रानं खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दाबलं. 'मालन ऐवळे हयात आहेत,' पडद्यावर आलं. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद.' आत पंखा करकरला आणि फिरायला लागला. मागे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

संघाची परतीची वेळही ठरलेली होती, संध्याकाळी पाच. तोवर साडेतीन तास होते. दोघी पंख्याखाली सतरंजीवर बसल्या, भाकरी मोडून खाल्ली. मालन कधी बरोबर बोलत होती, कधी कुठल्यातरी ड्रायव्हरला हाका मारत होती. एकदा तिनं छायाबाईंकडे प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं आणि "कुठं उतरणार?" असं विचारलं. छायाबाईंनी धीर धरला. थोड्या वेळानं मालन भानावर परत आली, आपली आपण.

पावणेपाचला छायाबाई उठल्या. मालन काठी टेकत गाडीपर्यंत आली. तिनं दार धरून ठेवलं आणि आत वाकून पडद्यावरचे आकडे पाहिले. आकडे तिला अजून नीट वाचता येत होते. एकशे पन्नास, आणि त्याच्या खाली, उद्यापासून पाच.

"पाचात काय हुतंय," ती म्हणाली. तिचे डोळे त्या घडीला अगदी स्वच्छ होते, आणि छायाबाईंना तेच सहन होईना.

"छाये, खरं सांग," मालन म्हणाली. "तू परत येईस्तोवर मी तुला वळखीन न्हवं?"